बिनशेपटीच्या कोंबड्याचा मुडदा

१

झुनिल्दा काल्फुकेओच्या खुराड्यात मंगळवारी सकाळी कोंबडा मेलेला सापडला आणि दुपार व्हायच्या आत सगळ्या वस्तीने कोल्ह्याला दोषी ठरवून टाकलं.

झुनिल्दाचा निरोप मिळून मी पोहोचले तेव्हा मुडदा एका फाटक्या गोणपाटावर ठेवलेला होता. सभोवती तीन माणसं उभी होती. एक स्वतः झुनिल्दा, एकाहत्तर वर्षांची, काठीवर दोन्ही हात ठेवून. तिच्या डोळ्यांवर पडदा आलाय. आदल्याच दिवशी ती डोळे दाखवायला तेमुको शहरात गेली होती आणि रात्री तिथे भाचीकडे राहून सकाळच्या बसने परत आली होती. दुसरा तिचा पुतण्या रोसामेल, टेम्पो चालवतो, तिच्याच अंगणातल्या खोलीत राहतो. तिसरी ओढ्यापलीकडची एर्सिलिया मारिलेओ. ती विणकाम करते. झुनिल्दा नसली की कोंबड्यांना दाणे टाकून आत घालायचं काम तिचं, आणि सोमवारी संध्याकाळी ते तिनेच केलं होतं. तेव्हा कोंबडा धडधाकट होता, असं ती सांगत होती.

"पोलिसांना कळवायचं का, पापाय?" मी विचारलं. म्हाताऱ्या बायकांना आमच्यात पापाय म्हणतात.

"कशाला? त्यांच्या लेखी कोंबडा म्हणजे रस्सा. तू बघ. तुला कोंबड्यांतलं कळतं."

ते खरं आहे. मी नेलिदा पाइनेकेओ, सव्वीस वर्षं बुदी तळ्याकाठच्या वस्त्यांमधून हिंडून कोंबड्यांना लस टोचते. कुणाच्या घरात किती कोंबड्या, कुणाचा कोंबडा कधी मेला, कुणाची खुडूक कुठे बसलीय, हे मला त्या घरातल्या माणसांच्या दुखण्याइतकंच ठाऊक असतं.

आणि हा काही साधा कोंबडा नव्हता. आमच्या लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, जुन्या जातीच्या कोंबड्यांना शेपूट नसतं. काहींना कानांपाशी मिशांसारखे झुपके असतात आणि अंडी निळी. परदेशी कोंबड्या आल्या आणि ही जात सरमिसळ होत होत संपायला आली. झुनिल्दाने बावीस वर्षं निवडून निवडून ती पुन्हा उभी केली. शेपूट दिसलं की पिल्लू बाद, अंड्याचा रंग फिका झाला की कोंबडी बाद. त्या सगळ्या मेहनतीचं फळ म्हणजे हा राखी कोंबडा. लहानपणी टिटवीसारखा चालायचा म्हणून नाव त्रेगिल, म्हणजे टिटवीच. येत्या रविवारी तेमुकोहून नोंदणीची माणसं येणार होती. जिवंत कोंबडा आणि सहा कोंबड्या दाखवल्या की ही जात झुनिल्दाच्या नावाने वहीत चढणार होती.

मी गुडघ्यांवर बसले. डोकं मानेपासून खाल्लेलं. मागचा भाग, जिथे शेपूट असायला हवं किंवा नसायला हवं, तोही खाल्लेला. बाकी छाती, मांड्या, पंख जसेच्या तसे. गोणपाटावर रक्ताचा डाग नाही. मी खुराड्यात डोकावले. पेंढ्यावरही नाही. सहाही कोंबड्या सुखरूप, शांतपणे माती उकरत होत्या.

"कोल्हाच," रोसामेल म्हणाला.

"हो, कोल्हाच," एर्सिलियाने री ओढली.

मी मुडद्याचा डावा पंख उचलून पसरला आणि उन्हाकडे धरला. मार्चमध्ये देवीची लस देताना त्रेगिलने हिसका दिला होता आणि पंखाच्या पातळ कातड्यात सुई घुसून तांदळाच्या दाण्याएवढी चीर पडली होती. ती कधी सांधली नाही. गोल भोक होऊन राहिली. मी तेव्हा झुनिल्दाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, म्हणून विसरणं शक्यच नव्हतं.

या पंखाचं कातडं अखंड होतं.

मी पंख मिटला, हात झटकले आणि उठले. तो त्रेगिल नव्हता.

२

मी गप्प राहिले, कारण गोणपाटाभोवती उभ्या असलेल्या माणसांपैकीच कुणीतरी हे केलं असावं, असं मला वाटत होतं.

कोल्हा कोंबडा उचलून नेतो. रानमांजर मान फोडतं. आणि मुंगसासारखं जे जनावर आमच्याकडे आहे ते शिरलं तर एकही कोंबडी जिती सोडत नाही. पण फक्त डोकं आणि बुड खाऊन जाणारं जनावर मी सव्वीस वर्षांत पाहिलं नाही. कानाच्या मिशा डोक्यावर असतात. शेपटीचं हाड बुडात असतं. म्हणजे ज्या दोन जागांवरून ही जात ओळखायची, नेमक्या त्याच दोन जागा या जनावराने खाल्ल्या होत्या. दात असलेल्या जनावराला एवढी अक्कल नसते. सुरी असलेल्याला असते.

कोणीतरी साधा राखी कोंबडा दुसरीकडे मारून, रक्त निथळू देऊन इथे आणून टाकला होता, आणि त्रेगिलला जिवंत नेलं होतं. मेलेल्याला कोणी शोधत नाही, हा हिशेब.

दुपारी मी रोसामेलला टेम्पोपाशी गाठलं. तो चाकाखाली पडून काहीतरी घट्ट करत होता आणि मला बघूनही लवकर बाहेर आला नाही. तासापूर्वी एर्सिलियाने माझ्या कानात सांगितलं होतं की आज भल्या पहाटे तिने रोसामेलला एक खोका उचलून टेम्पोत ठेवताना पाहिलं. झाकलेला खोका, आणि फार जपून धरलेला.

मी विचारलं, खोक्यात काय होतं. तो म्हणाला, बटाटे.

"बटाटे छातीशी कवटाळून नेतात होय?"

तो उठून बसला, हात पुसत राहिला. मग त्याने विषय बदलला. माझ्यावर कशाला संशय घेतेस, म्हणाला, एर्सिलियालाच विचार. तिचा कोंबडा जूनच्या, म्हणजे आमच्या हिवाळ्यातल्या, थंडीत मेला, तेव्हापासून तिच्या कोंबड्या विधवा. त्रेगिल थोडे दिवस दे म्हणून तिने काकूकडे तीनदा मागणी केली. काकूने बायकांच्या समितीच्या बैठकीत सगळ्यांसमोर तिला सुनावलं की तुझ्या शेपटीवाल्या कोंबड्या बाजारू आहेत, माझा कोंबडा त्यांच्यात सोडून मी बावीस वर्षं पाण्यात घालणार नाही.

"आणि श्टांगे?" मी विचारलं.

टेकडीवरचा ओस्वाल्दो श्टांगे. त्याचे पणजोबा जर्मनीहून आलेले, त्याच्याकडे मोठी पोल्ट्री आहे आणि हौसेखातर प्रदर्शनातल्या कोंबड्या. त्याने त्रेगिल विकत मागितला होता. दोनदा. दुसऱ्यांदा झुनिल्दाने त्याच्यावर काठी उगारली होती.

श्टांगेचं नाव घेताच रोसामेल पुन्हा टेम्पोखाली गेला. चाकाखालूनच त्याचा आवाज आला, आणि त्याने जे सांगितलं ते ऐकून मला त्या खोक्याचाही विसर पडला.

"काकूने तो मेलेला कोंबडा शिजवायला ठेवलाय. बटाटे घालून. मला म्हणाली, तूही खा."

३

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

झुनिल्दा त्रेगिलला रोज सकाळी काखेत घेऊन अंगणभर हिंडायची. त्याच्याशी बोलायची. पाऊस असला तर त्याचे पाय आपल्या शालीने पुसायची. अशी बाई त्याचा मुडदा चुलीवर ठेवते आणि पोटभर जेवते? मी खिडकीतून तिला पाहिलं होतं. ती हाडं चोखत होती.

बुधवारी सकाळी मी ओढा ओलांडून एर्सिलियाकडे गेले. तिच्या घरात रेडिओ मोठ्याने लागला होता, उपदेश आणि भक्तिगीतं. मागच्या खोलीत माग, पुढे चूल. एर्सिलियाने माते, आमचा कडवट पाल्याचा चहा, पुढे केला, मी नळीने दोन घोट घेतले. ती राखेतली भाकर उलटत होती, म्हणून अंडी मीच फोडली. तिच्या कोंबड्यांची अंडी झुनिल्दाच्या अंड्यांपेक्षा निळी असतात, हे उघड बोलायला कुणी धजत नाही. बलकावरचा पांढरा ठिपका मोहरीएवढा, घट्ट. मी त्यावर मीठ घातलं आणि खाल्लं.

मी विचारलं, सोमवारी संध्याकाळी खुराडं कोणी बंद केलं. मीच, ती म्हणाली, कडी घालून दोरीही गुंडाळून गाठ मारली. मग तिने आपणहून रोसामेलच्या खोक्याची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. या खेपेला खोका थोडा मोठा झाला होता.

"झुनिल्दापापायने तुम्हाला समितीत बोल लावला होता, असं ऐकलं."

"ती सगळ्यांनाच लावते," एर्सिलिया म्हणाली आणि रेडिओचा आवाज आणखी वाढवला. "कान गेलेत माझे."

पण मी दारातून हळूच 'येते' म्हणाले, ते तिला ऐकू आलं.

गुरुवारी श्टांगेकडे गेले. त्याने मला जाळीपासूनच आत बोलावलं आणि एकेक खोली उघडून दाखवली, जणू मी झडतीच घ्यायला आले होते. पिवळे, पांढरे, चट्ट्यापट्ट्यांचे कोंबडे, सगळे शेपटीवाले. शेवटच्या पिंजऱ्यात मात्र अकरा बिनशेपटीची पिल्लं होती. दोन पिल्लांच्या कानाशी झुपके फुटू लागले होते.

मी त्याच्याकडे बघितलं. तो लाजलासुद्धा नाही.

"मला कोंबडा चोरायची काय गरज, बाई? त्याची अंडी माझ्या दारात येतात. दर पंधरवड्याला. झाकलेल्या खोक्यातून."

म्हणजे बटाटे हे होते. रोसामेल काकूची अंडी विकत होता.

मी निघाले तेव्हा श्टांगे जाळीपर्यंत आला. तो एरवी आमच्या माणसांशी वरून बोलतो, पण आता त्याचा आवाज वेगळा होता. "तुमच्या म्हातारीला सांगा. मी तीस अंडी उबवणीच्या मशीनमध्ये ठेवली, अकरा फुटली. मागच्या खेपेला तीसातून चौदा. उरलेल्यांत पिल्लं पूर्ण वाढलेली होती, चोच कवचाला टेकवून मेलेली. बिनशेपटीला बिनशेपटी, मिशावाल्याला मिशावाली, बावीस वर्षं असं केलं तर दुसरं काय होणार? हे रक्त संपत आलंय. आणि तिला ते माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही."

टेकडी उतरताना मला एकाएकी झुनिल्दाच्या खुराड्यामागची माती आठवली. भिंतीला लागून ताजी उकरलेली आणि पायाने दाबून सारखी केलेली. मंगळवारी ती बघूनही मी बघितली नव्हती.

४

शुक्रवारी झुनिल्दा तळ्याकडे गेली असताना मी ती माती काठीने उकरली. सहा बोटांवरच काठीला निळं कवच लागलं. मग आणखी. मी चाळीसपर्यंत पाहिली आणि माती परत ओढली. सगळ्यांत मेलेली पिल्लं होती.

आता माझ्या डोक्यात एक सरळ गोष्ट तयार झाली, आणि ती मला अजिबात आवडली नाही. रविवारी माणसं येणार. नोंद झाली की ती दर मोसमात येऊन किती अंडी बसवली, किती फुटली, हे मांडणार. मग सगळ्या तळ्याकाठी कळणार की झुनिल्दाची जात कवचातच मरतेय. पण रविवारच्या आधीच कोंबडा कोल्ह्याने खाल्ला तर? मग दोष कोल्ह्याचा. बाईची अब्रू शाबूत, आणि वर सगळ्यांची हळहळ. मुडदा आपला नाही हे जिला ठाऊक आहे, तीच तो बटाटे घालून खाऊ शकते. सोमवारी ती तेमुकोला होती, बरोबर. पण मुडदा टाकायला घरात पुतण्या होताच, आणि अंड्यांची चोरी उघडी पडायची भीती घातली की तो काहीही करेल.

मग त्रेगिल कुठे होता? भाचीकडे, तेमुकोला?

तरीही काहीतरी जुळत नव्हतं. जिला गोष्ट दाबायची आहे, ती मला का बोलावेल? आख्ख्या तळ्याकाठी त्या पंखातलं भोक माहीत असलेली एकटी मीच होते.

शनिवारी सकाळी मी पुन्हा एर्सिलियाकडे गेले. खरं तर मला तिच्याकडून झुनिल्दाबद्दल काही काढून घ्यायचं होतं. रेडिओ तसाच दणदणत होता. एर्सिलिया दमलेली दिसत होती, केसांत पेंढ्याच्या काड्या. तिने भाकर राखेतून काढली, मी टोपलीतली अंडी घेतली. एक फोडलं. दुसरं फोडलं.

मी ताटलीकडे बघत राहिले. मग तिला न विचारता तिसरं फोडलं.

बुधवारी जिथे मोहरीएवढा घट्ट ठिपका होता, तिथे आता ठिपक्याभोवती एक फिकट, गोल कडं होतं. तिन्ही बलकांवर.

"काय झालं? खराब निघालं का?" एर्सिलियाने विचारलं.

"नाही, पापाय. चांगलं निघालं," मी म्हणाले. पण ते अंडं मला खाववलं नाही.

५

कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी देते, हे पोरंसोरंही जाणतात. फरक बलकावर दिसतो. कोंबडा नसेल तर नुसता ठिपका. कोंबडा लागलेला असेल तर ठिपक्याभोवती कडं, कारण पिल्लाची सुरुवात तिथे झालेली असते. कोंबडा गेल्यावर फार तर तीन आठवडे त्याचा अंश कोंबडीच्या पोटात टिकतो. एर्सिलियाचा कोंबडा जूनमध्ये मेला होता आणि आता ऑक्टोबर लागला होता. बुधवारी तिची अंडी रिकामी होती. शनिवारी भरलेली. सोमवारी आलेल्या कोंबड्याला एवढेच दिवस लागतात.

एकदा हे दिसल्यावर बाकीचं आपोआप जागेवर बसलं. कोंबडा अंधाऱ्या, बुटक्या जागेत ठेवला की फारसा आरवत नाही, कारण आरवायला त्याला मान ताणावी लागते. तरी जो आरवतो तो ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ. केसांत पेंढा. दिवसेंदिवस मोठा होत जाणारा रोसामेलचा खोका. आणि खुराड्याची कडी सोमवारी संध्याकाळी शेवटची जिच्या हातात होती, ती हीच.

 मी थेट झुनिल्दाकडे गेले. तिच्यावर मी मनातल्या मनात जो आरोप ठेवला होता त्याची मला लाज वाटत होती, आणि तरी तो सगळा धुतलाही गेला नव्हता. रस्सा तिने खाल्लाच होता.

ती पायरीवर बसून बियाण्याचे बटाटे चाचपून वेगळे करत होती.

"मंगळवारी मेला तो त्रेगिल नव्हता, पापाय."

"माहीत आहे," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "चार वर्षं मी त्याला रोज काखेत धरतेय. मला डोळे कशाला लागतात? त्या मेल्याची छाती म्हणजे नुसती फळी होती."

"आणि कोणी नेलाय, तेही?"

"मंगळवारी सकाळी खुराड्याच्या दोरीची गाठ जशीच्या तशी होती, आणि ती गाठ एर्सिलियासारखी दुसरं कोणी मारत नाही. विणकराची गाठ आहे. कोल्हा ती सोडून पुन्हा तशीच मारून जात नाही."

मी तिच्याशेजारी बसले. थोडा वेळ मला रागच आला. चार दिवस मी चिखल तुडवला होता. "मग मला कशाला बोलावलंत?"

"तू घराघरांतून जातेस. तुला बघून माणूस बोलायला लागतो. म्हटलं, ती बोलेल. येऊन म्हणेल, झुनिल्दा, मी नेलाय." तिने एक बटाटा नाकाशी नेऊन हुंगला आणि बाजूला टाकला. "नाही बोलली, तर उद्या त्या माणसांना सांगणार होते की कोल्ह्याने नेला. त्याला तिथे आणखी आठवडाभर मिळाला असता."

तेव्हा मला कळलं. "तुम्हाला तो तिथेच राहायला हवा होता."

तिने हातातला बटाटा खाली ठेवला. मग तिने भिंतीमागच्या अंड्यांबद्दल सांगितलं. ती स्वतः पुरते, प्रत्येक अंडं कानाशी धरून, आत हालचाल नाही अशी खात्री झाल्यावर. दोन वर्षांपूर्वी वीसातली सहा मरायची. यंदा वीसातली बारा. समितीत एर्सिलिया म्हणाली होती तेच बरोबर होतं, शेपटीवाल्या कोंबड्या ठेवल्या असत्या तर पाठ एवढी आखूड झाली नसती, पिल्लांत दम राहिला असता. हे झुनिल्दाला समितीत बोलतानाही ठाऊक होतं.

"मग तीनदा मागितला तेव्हा दिला का नाही?"

"एकदा सगळ्यांसमोर थुंकले, पोरी. ते चाटायचं कसं?"

६

ओढ्यावरच्या फळीवरून मी तिचा हात धरून तिला नेलं. वाटेत ती एकदाच बोलली. फळी बदलायला झालीय, म्हणाली.

एर्सिलियाने दार उघडलं आणि आम्हा दोघींना बघून तशीच उभी राहिली. आतून भक्तिगीत ओसंडत होतं.

"रेडिओ बंद कर," झुनिल्दा म्हणाली. "त्याला गाणी आवडत नाहीत."

एर्सिलिया आत गेली. रेडिओ थांबला. थोडा वेळ नुसती चूल ऐकू येत होती. मग मागच्या खोलीतून, मागाच्या पलीकडून, गळा दाबल्यासारखं एक आरवणं आलं.

माळ्याखालच्या अंधारात त्रेगिल होता. चार कोंबड्यांमध्ये, खाऊनपिऊन मजेत. झुनिल्दाने त्याला उचलून काखेत धरलं, अंगठा पंखावरून फिरवला, भोक सापडलं तिथे थांबवला. एर्सिलिया भिंतीला टेकून उभी होती.

"त्या मुडद्याचा रस्सा केलास म्हणे," ती म्हणाली.

"चिवट होता. कुठून आणलास?"

"काराउएच्या बाजारातून." मग एर्सिलियाचा आवाज फाटला. तो मीच मारला, म्हणाली. बुडही मीच कापलं. मी चोर नाही. पण तू भिंतीमागे काय पुरतेस ते मी रोज ओढ्यापलीकडून बघते, आणि मोजते. "तुला मान्य करायचं नव्हतं, म्हणून ती पोरं मरत होती. मी आणखी किती मोजायची?"

"चोरी ती चोरी," झुनिल्दा म्हणाली.

"हो. चोरीच. आणि बावीस वर्षांपूर्वी कोंबडा तुझा होता, पण पहिली कोंबडी माझी होती. तुझ्या खुराड्यातल्या प्रत्येक अंड्याचा निळा रंग तिचा आहे. हे तू आजवर कुणाला सांगितलंस?"

 झुनिल्दा मागाच्या बाकावर बसली, कोंबडा मांडीवर. मी बाहेर जायला निघाले, पण तिने काठी आडवी धरून मला थांबवलं. साक्षीदार हवा होता तिला. मग ती हळूहळू म्हणाली की कोंबडा महिन्यातले पंधरा दिवस इथे राहील आणि पंधरा तिकडे. पिल्लं निम्मी निम्मी.

"निम्म्यांत शेपटीवालीही येतील," एर्सिलिया म्हणाली. "ती तू बाद करणार असशील तर एकही मिळणार नाही."

"उद्याचं उद्या बघू."

"नाही. आज."

झुनिल्दाने मान हलवली. मला ते होकारासारखं वाटलं, एर्सिलियाला खात्री वाटली नाही, पण तिने माते भरायला घेतला.

रविवारी तेमुकोहून एक बाई आणि एक पुरुष आले. त्रेगिल अंगणात उभा होता आणि वस्तीतली माणसं कोल्ह्याच्या हातून सुटलेल्या कोंबड्याकडे तोंडाचा आ करून बघत होती. कुणी काही विचारलं की झुनिल्दा म्हणे, नेलिदाने शोधला. बस्स. त्या बाईने अर्जावर जातीच्या मालकाचं नाव विचारलं. झुनिल्दाने आपलं नाव सांगितलं, मग एर्सिलिया मारिलेओचं. त्या बाईने सांगितलं की नावासाठी एकच ओळ आहे.

"मग बारीक अक्षरात लिहा," झुनिल्दा म्हणाली.

त्या बाईने किती अंडी फुटतात हेही विचारलं. रोसामेल मागे उभा होता, आदल्या संध्याकाळी काकूपाशी अंड्यांची कबुली देऊन मोकळा झालेला आणि आता तिच्या हुकुमाने ओढ्याची फळी बदलण्यासाठी लाकडं तासत असलेला. त्याने डोळे मिटले. झुनिल्दाने खरा आकडा सांगितला. वीसातली आठ. बाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं.

एर्सिलियाच्या खुडूक कोंबडीखाली एकोणीस अंडी बसवली होती. एकविसाव्या दिवशी सोळा फुटली. मला निरोप आला, मी लस न घेताच गेले. दोघी चुलीपाशी जमिनीवर बसल्या होत्या, मधे डालं. झुनिल्दा एकेक पिल्लू उचलून अंगठ्याने त्याचं बुड चाचपत होती. गोल. गोल. गोल. मग तिचा अंगठा एका काळसर पिल्लावर थांबला. तिथे चिमुकलं टोक होतं, शेपटीचं हाड, गव्हाच्या दाण्याएवढं.

एर्सिलिया तिच्या हाताकडे बघत होती. मीही.

झुनिल्दाने पिल्लू उलटं केलं, सुलटं केलं. ते मोठ्याने ओरडत होतं, एवढ्याशा जिवाला न शोभणाऱ्या आवाजात.

"गळा बघ काय आहे याला," ती म्हणाली, आणि ते आपल्या निम्म्यांत ठेवलं.